झुंबर आणि पणती

मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव, कर्जत तालुक्यातलं. इथून पूर्वेकडे निघालं की सीना आडवी येते. नदीपलीकडे एका अंगाला बीड जिल्ह्यातलं आष्टी, दुसऱ्या अंगाला जामखेड तालुका. सीनेच्याच काठावर चौंडी आहे. १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचा जन्म इथला. देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभारणाऱ्या बाईंच्या जन्मभूमीत 'धर्मादाय' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. धर्म म्हणून द्यायचं आणि दिलेलं परत मागायचं नाही, एवढा त्याचा अर्थ आजीबाईलाही ठाऊक असतो.

मात्र या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. देणारा एक आणि घेणारा दुसरा. विहीर बांधणाऱ्याचं नाव शिळेवर कोरलं जातं, पाणी शेंदणारीचं कुठेच नोंदलं जात नाही. सीनेपलीकडच्या जामखेडमध्ये १९७० नंतर जे घडलं त्याचं महत्त्व मला इथे वाटतं. ख्रिस्ती श्रद्धेतून निघालेल्या एका डॉक्टर दांपत्याने हे देण्या-घेण्याचं नातंच उलटंपालटं केलं. ते का आणि कसं घडलं हे समजायचं तर जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं.

हा सगळा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. १८७६ चा पावसाळा कोरडा गेला आणि दख्खनभर पुढची दोन वर्षं माणसं-जनावरं मेली. १८९६-९७ ला तेच, १८९९-१९०० ला पुन्हा तेच. सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामं काढली. कामावर जाण्याइतकं त्राण असलेल्यांना तिथे मजुरी मिळाली. ज्यांच्या अंगात तेवढंही बळ नव्हतं, ज्यांचे आईबाप गेले होते, त्यांच्यासाठी दारं उघडली ती बहुतेक वेळा धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी.

नगरमध्ये अशी संस्था आधीपासून होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये इथे आले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेने १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंनी तिथेच अध्यापनाचे धडे घेतले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. दुष्काळाच्या वर्षांत या मिशनने अनाथ मुलांना ठेवून घेतलं, त्यांना सुतारकाम, विणकाम शिकवणाऱ्या शाळा काढल्या. पुढे दवाखाने आले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याचं मिशन हॉस्पिटल त्यांतलंच एक.

या सेवेबरोबर धर्मांतरही आलं, आणि ते झाकून इतिहास सांगता येणार नाही. मिशनच्या अहवालांत शाळेतली मुलं आणि बाप्तिस्मा घेतलेली माणसं शेजारीशेजारी मोजलेली असत. गावात 'पोटासाठी बाटले' असं म्हटलं जाई. त्या बोलण्यात सत्याचा अंश होता, पण अन्यायही मोठा होता. ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबं महार-मांग समाजातली. गावच्या विहिरीवर, देवळात, शाळेच्या बाकावर त्यांना जागा नव्हती. त्यांना मिशनने भाकरी दिली हे खरं. त्याहून मोठी गोष्ट अशी की शाळेत इतरांच्या बरोबरीने बसू दिलं. भाकरी एका दुष्काळापुरती पुरली; पाटी-पेन्सिल पुढच्या पिढीला मास्तर, नर्स, डॉक्टर करून गेली.

त्याच जिल्ह्यात, सुप्याला, १० जुलै १९३४ रोजी जामखेडच्या त्या डॉक्टर दांपत्यातले रजनीकांत आरोळे जन्मले. आई-वडील दोघेही शिक्षक. वैद्यकीय शिक्षणासाठी ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेले. तिथे त्यांची गाठ मेबल इमॅन्युएल यांच्याशी पडली. त्या जबलपूरच्या, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाच्या कन्या. १९६० मध्ये दोघांचं लग्न झालं. खेड्यातल्या गरिबांसाठीच आयुष्य घालवायचं, असा निश्चय त्यांनी लग्नाच्या वेळीच केला होता.

सुरुवात झाली वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात, १९६२ मध्ये. काम भरपूर होतं, लोकांचा विश्वास होता आणि मनाला समाधान मिळावं असं सगळं होतं. तरी दोघांना एक गोष्ट छळू लागली. हगवणीने सुकलेलं मूल सलाईन लावून बरं करून घरी पाठवायचं आणि काही आठवड्यांनी तेच मूल तसंच पुन्हा दारात. घरी गेल्यावर तेच गढूळ पाणी, तीच उपासमार. धनुर्वाताने आखडलेलं नवजात बाळ यायचं. नाळ कशाने कापली विचारलं तर उत्तर मिळायचं, विळ्याने. येणारे बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि ते टाळण्याचं काम हॉस्पिटलच्या कुंपणाबाहेर होतं. शिवाय दवाखान्यापर्यंत पोचायचेच थोडे. बाकीचे घरातच मरत आणि त्यांची नोंदही होत नसे.

हा प्रश्न घेऊन ते अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडला वैद्यकीय प्रशिक्षण झालं, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. तिथे कार्ल टेलर हे त्यांचे गुरू. परत येताना त्यांच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. काम जिथे सर्वांत कठीण तिथे करायचं, आणि लोकांनी बोलावल्याखेरीज जायचं नाही. एखाद्या मिशनच्या तयार हॉस्पिटलात ते सहज रुजू होऊ शकले असते. तसं केलं नाही, हा त्यांचा पहिला मोठा निर्णय.

जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं. इंग्रजी अमलात हा तालुका तीन-चार बाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेला होता. स्वातंत्र्यानंतरही तो जिल्ह्याच्या टोकालाच राहिला. याच तालुक्यातल्या खर्ड्याला १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता, पण इतिहासातल्या मानाने रस्ते येत नाहीत. १९७० मध्ये आरोळे दांपत्य इथे आलं तेव्हा त्यांना जागा मिळाली ती जनावरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याची. तिथेच रुग्ण तपासणी सुरू झाली. संस्थेचं नाव ठरलं 'सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प'. वेगवेगळ्या जातींच्या आणि पक्षांच्या माणसांची सल्लागार समिती नेमली, म्हणजे दवाखाना एका गटाचा होऊन बसू नये.

ते आले तेच दुष्काळात. १९७० पासून पाऊस ओढ देत होता आणि १९७२ ला तर कडेलोट झाला. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की कर्जत-जामखेडच्या म्हाताऱ्या माणसांना आजही तेव्हा खायला मिळालेली मिलो आणि सुकडी आठवते, आठवते खडी फोडायला बसलेली माणसांची रांग. सरकारची रोजगार हमी याच दुष्काळात आकाराला आली. आरोळेंना वाटलं होतं आपण आरोग्याचं काम करायला आलो. गावांत गेल्यावर लोक म्हणाले, आधी पाणी द्या, आधी पोटाला द्या. हे ऐकणं सोपं नसतं. लोकांना काय हवं ते आपल्यालाच ठाऊक, अशी शिकल्यासवरल्या माणसाची, विशेषतः डॉक्टरची, समजूत असते. आरोळ्यांनी लोकांचं ऐकलं. चर्चसंस्थांकडून मदत मिळवून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावोगावी स्वयंपाकघरं सुरू झाली. पण धान्य शिजवणं, सरपण-पाणी आणणं आणि जेवायला वाढणं हे गावाने करायचं होतं. त्यातून शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, मागोमाग महिला मंडळं आली.

पाण्याचं काम त्याहून महत्त्वाचं. खडकाळ दख्खनमध्ये आड आटले की सगळं संपतं. कठीण कातळात खोलवर भोक पाडणारी यंत्रं या भागात पहिल्यांदा आणली ती मिशनच्या लोकांनी. साठच्या दशकाच्या अखेरीस जालन्याच्या स्कॉटिश मिशनचे जॉन मॅक्लाऊड यांनी मराठवाड्यात विंधन विहिरी घ्यायला सुरुवात केली. सोलापुरात स्वीडिश मिशनशी जोडलेल्या विहीर-खोदाईच्या कामात ऑस्कर कार्लसन यांनी टिकाऊ हातपंप तयार केला. पुढे युनिसेफच्या साहाय्याने भारतभर गेलेल्या 'इंडिया मार्क दोन' या पंपाची वंशावळ याच सोलापूर पंपापाशी पोचते. ज्या हापशावर आपण लहानपणी लोंबकळलो, त्याच्यामागे चर्चचं, उद्योगाचं आणि सरकारचं असं तिहेरी कष्टाचं काम आहे.

जामखेडच्या गावांतही विंधन विहिरी झाल्या. हापसा कुठे बसवायचा हा प्रश्न प्रत्येक गावात आला. आरोळ्यांनी तो जाणूनबुजून दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. मराठवाड्याच्या सीमेवरचा हा मुलूख, १९७२ चं साल. वस्तीतल्या बायकांना गावाच्या विहिरीवर घागर बुडवायची सोय नव्हती. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. आता पाणी वस्तीत होतं आणि गावाला तिथे चालत यावं लागत होतं. तहानेपुढे विटाळाचं फारसं चाललं नाही. व्याख्यानांनी जे पिढ्यान्‌पिढ्या झालं नव्हतं ते एका पंपाने पूर्णपणे झालं असं मी म्हणणार नाही. पण रांगेत पुढेमागे उभं राहायची सवय लागली, आणि सवयीला स्वतःचं बळ असतं.

एवढं होऊनही मूळ काम अडलं होतं. मुलं अजून मरत होती. १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ पहिला वाढदिवस पाहत नसत, असं प्रकल्पाच्याच पाहणीत दिसलं होतं. उपाय म्हणून प्रशिक्षित नर्स गावात राहायला पाठवल्या. ते फसलं. शहराकडच्या तरुण मुली अनोळखी गावात एकट्या. त्यांना भीती, गावाला परकेपणा. त्यांनी सांगितलेलं सासूबाई ऐकत नसत. गरोदर सुनेने कमी खावं म्हणजे मूल लहान राहतं आणि बाळंतपण सुलभ होतं, ही समजूत. पहिला चीक बाळाला बाधतो म्हणून पिळून टाकायचा. हगवण लागली की पाणी तोडायचं. गोवर म्हणजे देवी, तिला औषध चालत नाही. यातली एकही गोष्ट कुणी दुष्टपणाने करत नव्हतं. प्रत्येकीच्या मागे आजीची माया होती, म्हणूनच ती मोडायला बाहेरची नर्स पुरी पडत नव्हती.

गावकऱ्यांशी बोलण्यातूनच पुढची वाट निघाली. गावातलीच एक बाई घ्या, जिला पोरंबाळं आहेत, जिचं बोलणं चुलीपाशी ऐकलं जाईल. निवड गावाने करायची. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा होत्या. कुणी मोलमजुरी करत होतं. डॉक्टरांच्या जगात ही कल्पना हास्यास्पद ठरली असती. ज्या बाईला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येत नाही ती आरोग्य काय सांभाळणार?

या बायका दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्काम करत. आरोळे पती-पत्नींनी १९९४ मध्ये लिहिलेल्या आपल्या पुस्तकात या दिवसांचं वर्णन केलं आहे. सगळ्या एका दालनात झोपत आणि एका पंगतीत जेवत. पहिल्या काही मुक्कामांत सवर्ण बायका अंग चोरून बसत. शिकवणं गाण्यांतून आणि चित्रांतून चाले, आणि प्रत्येक वेळी मागच्या आठवड्यात गावात काय घडलं तिथून सुरुवात होई. वजनकाटा कसा धरायचा, गरोदरपणात सूज कुठे पाहायची, हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, नाळेसाठी नवं पातं आणि स्वच्छ दोरा का हवा, कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बधिरपणा आहे का हे कसं ओळखायचं. स्टेथोस्कोपही हातात दिला. मेबल आरोळे यांचा रोख आणखी एका गोष्टीवर होता: आधी या बाईला स्वतःबद्दल आदर वाटला पाहिजे. जिला आयुष्यभर नावानेही कुणी हाक मारली नाही, ती दुसऱ्याच्या सुनेला 'तू पोटभर खा' असं कोणत्या अधिकाराने सांगणार?

परिणाम दिसायला फार वर्षं लागली नाहीत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७६ पर्यंत हजारी १७६ चा बालमृत्युदर ५२ वर आला. मुलांचं लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी आणि सुरक्षित बाळंतपण या गोष्टी सुरुवातीला नावालाही नव्हत्या. त्या गावाच्या अंगवळणी पडल्या. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वसाहतीत न टाकता इतरांच्याच रांगेत तपासलं गेलं. हे आकडे संस्थेने स्वतः गोळा केलेले आहेत. पण आकडे मोजणारी बाई त्याच गावात राहत होती आणि मेलेलं मूल तिच्या शेजारणीचं असे. अशी मोजणी फसवायला कठीण असते.

बाहेरच्या जगाने दखल घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या देशोदेशीच्या प्रयोगांचा ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली आणि गावपातळीवरच्या प्राथमिक आरोग्यसेवेला जगाची मान्यता मिळाली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम जामखेडबाहेर पसरलं आणि कर्जत तालुक्यातली गावंही त्यात आली.

या सगळ्यात धर्म कुठे होता? आरोळे दांपत्य श्रद्धावान ख्रिस्ती होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. सुरुवातीचा मोठा आधारही जगभरच्या चर्चसंस्थांचा होता. धर्मांतराचा संशय त्यांच्यावरही घेतला गेला. आधीच्या शतकाची पार्श्वभूमी पाहता तो येणारच होता. पण औषध, धान्य, पाणी, प्रशिक्षण यांतल्या कशालाच त्यांनी धर्माची अट जोडली नाही, आणि गावोगावच्या कार्यकर्त्या हिंदू, बौद्ध, मुसलमान अशा ज्या होत्या त्याच राहिल्या. त्यांची श्रद्धा दिसली ती त्यांनी कुणाला निवडलं यातून. नगर जिल्ह्यात याच काळात आणि नंतर अशी कामं अनेक प्रेरणांतून झाली. जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगरच्या सोशल सेंटरमधून पाणलोटाचं काम उभं केलं. जैन सोशल फेडरेशनने आनंदऋषीजींच्या नावाने नगरला हॉस्पिटल उभारलं. १९८९ पासून 'स्नेहालय'ने कोणत्याही पंथाचं नाव न घेता वेश्यावस्तीतल्या बायका-मुलांसाठी काम केलं. प्रत्येकाचं मोल आहे. तरी गरिबाच्या हाती वैद्यकातली सत्ता सोपवण्याचं धाडस जामखेडइतकं कुणी केलं नाही, असं माझं मत आहे.

त्या धाडसाचा अर्थ सर्वांत नेमका सांगितला तो जवळक्याच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ यांनी. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झगमगती झुंबरं होती. त्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे असतात, देखणे आणि महागडे, त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही. मग पिशवीतून दोन वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावर दुसरा लावला. झुंबराला हे जमत नाही, पणतीला जमतं, आणि आम्ही बायका या पणत्या आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २५ मे २०११ रोजी. काम त्यांची मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी पुढे नेलं. पण कल्पना तोवर संस्थेच्या हातातून सुटून देशाची झाली होती. १९७७ मध्येच केंद्र सरकारने गावोगावी आरोग्य स्वयंसेवक नेमायला घेतले; त्यात पुरुष अधिक भरले गेले आणि योजना विरत गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमायचं ठरलं. गावातली बाई, गावानेच निवडलेली, गावासाठी. जामखेडची छाप इथे उघड दिसते.

उचललं काय आणि मागे काय राहिलं, हेही पाहिलं पाहिजे. बाई उचलली, तिची पिशवी उचलली, घरोघर फिरणं उचललं. मागे राहिला तो आठवड्याचा मुक्काम, जिथे ती चुकांसह बोलू शकत होती आणि डॉक्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसून ऐकत होते. जामखेडमध्ये पैसा दुय्यम होता, कारण तिथे तिला मान होता आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी संस्थेची साथ होती. सरकारी योजनेत मान कागदावर राहिला, नोंदवह्या वाढत गेल्या आणि मोबदला कामागणिक मोजला जाऊ लागला. एखादी संस्था ज्या कळकळीने एका तालुक्यात काम करते ती परिपत्रकातून पाठवता येत नाही, हे मान्य. पण प्रशिक्षणाचे दिवस, वरिष्ठांची साथ आणि निश्चित वेतन या गोष्टी परिपत्रकातून नक्की पाठवता येतात.

२०२१ च्या जूनमध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या आशा सेविका संपावर गेल्या. त्या साथीत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या त्याच होत्या. त्यांची मागणी मोबदला वाढवून मिळावा ही होती.